राणीसाहेब अनवाणी

ही गोष्ट एकोणीसशे त्र्याहत्तर सालची. त्या वर्षी सगळ्या जगाच्या टाचा वाढल्या होत्या. कॉलेजात जाणाऱ्या मुली तीन-तीन बोटं जाड तळव्यांचे जोडे घालून ठेचकाळत होत्या, त्यांच्या मागोमाग मुलगेही ठेचकाळत होते, आणि गल्लीतल्या एका जोडेवाल्यांच्या दुकानाला क्षणाची उसंत नव्हती. जोडेवाले स्वतः मात्र या फॅशनला नाक मुरडायचे. जोडा उंची वाढवायला नसतो, चाल सुधारायला असतो, असं ते गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचे. हे सांगताना ते बायकोकडे चुकूनही बघायचे नाहीत, आणि बायको नेमकी तेव्हाच खिडकीबाहेर काहीतरी बघत असायची.

त्यांच्या बायकोला गल्ली पाठीमागे राणीसाहेब म्हणायची. कारण चाल. मान ताठ, खांदे सरळ, पाऊल जोखून टाकलेलं. भाजीला निघाल्या तरी राज्याभिषेकाला निघाल्यासारख्या दिसायच्या. बस सुटत असली तरी त्या धावायच्या नाहीत. बसलाच काय ती लाज वाटली तर थांबेल. कुणाच्या घरी गेल्या तर बाहेरच्या बाकावर टेकायच्या, आत यायच्या नाहीत. नवरा दुकानात चार पैसे जास्त मिळवतो म्हणून ही मिजास, असं शेजारणींनी ठरवून टाकलं होतं.

मिजास कसली. पाचव्या वर्षी आलेल्या तापाने त्यांचा उजवा पाय वाढायचा विसरला होता. डाव्यापेक्षा तो अंगठ्याच्या पेराएवढा आखूड होता. शाळेत त्यांची चाल बघून मुलं मागून टाळ्यांचा ताल धरायची. एकोणिसाव्या वर्षी त्या एकट्याच या दुकानात आल्या, तेव्हा जोडेवाले आपल्या वडिलांच्या हाताखाली नुकतंच काम शिकले होते. त्यांनी दोन्ही पायांचं माप घेतलं, पुन्हा घेतलं, आणि कसलाही प्रश्न न विचारता "आठ दिवसांनी या" म्हणाले. आठ दिवसांनी जोडा तयार होता. उजव्याच्या आत टाचेखाली बुचाचा थर, वर मऊ कातडं; डाव्याचं वरचं कातडं तेवढंच उंच, म्हणजे शेजारी ठेवले तर जुळे भाऊ. त्या गल्ल्यापासून आरशापर्यंत चालत गेल्या आणि परत आल्या. मग पुन्हा गेल्या. तिसऱ्यांदा गेल्या तेव्हा जोडेवाल्यांचं लक्ष जोड्यावर राहिलं नव्हतं. लोकांची लग्नं पत्रिका जुळल्यामुळे होतात, यांचं पायांची मापं न जुळल्यामुळे झालं.

त्यानंतरच्या सव्वीस वर्षांत त्यांना कुणी अनवाणी पाहिलं नाही. घरात घालायच्या सपातासुद्धा त्याच मापाच्या होत्या. गुपित नवऱ्याला माहीत होतं आणि एकुलत्या एका लेकीला. लेकीला लहानपणीच सांगून ठेवलं होतं की हे बाहेर बोलायचं नाही, आणि ती बिचारी बोलली नाही. टायपिंगची नोकरी लागली, चोवीस वर्षांची झाली, तरी नाही.

त्या लेकीचं लग्न जमत होतं, आणि तिथंच घोडं पेंड खात होतं.

स्थळ आणलं होतं राणीसाहेबांच्या थोरल्या जाऊबाईंनी, दुसऱ्या गावाहून पत्र पाठवून. मुलगा सरकारी कचेरीत नकाशे काढतो. वडील नाहीत. आई लाँड्री चालवते, बाई सोन्यासारखी, फक्त तिला डाग खपत नाही. कपड्यावर नाही आणि माणसातही नाही. एक मुलगी तिने नुसता डोळा जरा तिरळा होता म्हणून नाकारली म्हणतात. जाऊबाईंचं हे "म्हणतात" नेमकं कोण म्हणतं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. राणीसाहेबांनी पत्र दोनदा वाचलं आणि घडी घालून डब्यात ठेवलं, पण ते वाक्य काही डब्यात राहिलं नाही.

मुलगा-मुलगी तर पहिल्याच भेटीत एकमेकांना आवडून बसली. नकाशेवाला इतका लाजाळू होता की त्याने लेकीला तिच्या घरापासून वाचनालयापर्यंतचा रस्ता कागदावर काढून दिला, जो ती रोज चालत होती. लेकीने तो कागद उशीखाली ठेवला. यावरून काय ते समजावं.

अडचण होती ती लाँड्रीवाल्या बाईंच्या घराची. खाली लाँड्री, वर घर. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर जोडे ठेवायचं कपाट, आणि त्यापुढे फरशी अशी की तिच्यात पाहून केस विंचरावेत. राणीसाहेब चार वेळा तिथं गेल्या. पहिल्यांदा त्यांचं डोकं दुखत होतं, म्हणून वाऱ्याला बाहेर बसल्या. दुसऱ्यांदा शेजारणीची किल्ली परत द्यायची घाई होती. तिसऱ्यांदा काय सांगितलं ते त्यांचं त्यांनाही आठवत नव्हतं. चौथ्यांदा कारणच सुचलं नाही, तेव्हा त्या तशाच जिन्यात उभ्या राहिल्या आणि हवेबद्दल बोलल्या. चारही वेळा लाँड्रीवाल्या बाईंनी चहाचा ट्रे जिन्यात आणला आणि स्टूल टाकून समोर बसल्या. खाली कपडे न्यायला आलेली गिऱ्हाइकं वर माना करून बघत होती.

घरी परत येताना जोडेवाले म्हणायचे, सांगून टाक एकदा. राणीसाहेब म्हणायच्या, लग्न होऊ द्या, मग सांगते. मग म्हणजे कधी, असं त्यांनी एकदा विचारलं. "नातवंडं झाल्यावर," राणीसाहेब म्हणाल्या. "तेव्हा काय, मोडता मोडणार नाही."

आणि मग लाँड्रीवाल्या बाईंचा निरोप आला. तारीख काढण्याआधी दोन्ही घरांनी मिळून डोंगरावरच्या देवाला जाऊन यावं.

ते देऊळ किती जुनं हे कुणालाच माहीत नव्हतं. ज्याला विचारावं तो आधीच्या माणसापेक्षा शंभर वर्षं वाढवून सांगायचा. रिवाज मात्र सगळ्यांना माहीत होता. खालच्या कमानीशी जोडे काढायचे. तीनशेवर पायऱ्या चढायच्या. मग डोंगरमाथ्याभोवती कोरलेल्या वाटेने देवाला उजव्या हाताला ठेवून पूर्ण प्रदक्षिणा घालायची, आणि शेवटी देवळाच्या पटांगणात शिरायचं. सगळं अनवाणी.

राणीसाहेबांनी निरोप ऐकला आणि त्या दिवशीच्या आमटीत दोनदा मीठ पडलं. जोडेवाल्यांनी मुकाट्याने जेवून घेतलं आणि कामाला लागले. तीन संध्याकाळी खपून त्यांनी जाड लोकरीचे मोजे तयार केले. उजव्या मोज्यात टाचेखाली बुचाची चकती, दोन कापडांच्या मध्ये बारीक टाक्यांनी शिवलेली. डाव्यात नुसता पातळ नमदा. राणीसाहेब गच्चीवर चालून आल्या. जोड्याइतकं नाही, पण वेळ मारून नेण्याइतकं जमत होतं. डोंगरावर गार वारा असतो, असं त्या आठवडाभर ज्याला त्याला सांगत सुटल्या.

ठरल्या दिवशी सकाळच्या बसने पाचजण निघाले. लाँड्रीवाल्या बाई अंगाने भरलेल्या, कपडे असे कडक इस्त्रीचे की बसताना कागदासारखा आवाज यावा. त्या खिडकीशी बसल्या आणि बोलायचं तेवढंच बोलल्या. नकाशेवाल्याने डोंगराचा नकाशा काढून आणला होता, उंचीच्या रेघांसकट. रस्ता एकच आहे आणि तो वर जातो, मग नकाशा कशाला, असं त्याच्या आईने विचारलं. लेकीने तो मागून घेतला आणि सबंध प्रवासात मांडीवर उघडा धरून बसली. उलटा धरलाय हे कुणी तिला सांगितलं नाही.

कमानीशी एक म्हातारा राखणदार खुर्ची टाकून बसला होता. जोडे घ्यायचा, पितळी बिल्ला द्यायचा. राणीसाहेबांनी जोडे काढून दिले आणि त्या मोज्यांनिशी पहिल्या पायरीकडे वळल्या.

"मोजेसुद्धा," राखणदार मागून म्हणाला.

वर वारा गार असतो, त्यांना थंडी बाधते, मोजे काही कातड्याचे नाहीत, सगळं जोडेवाल्यांनी सांगून पाहिलं. राखणदाराने शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की देव हजार वर्षं उघडा बसलाय, त्याला अजून सर्दी झालेली नाही. राणीसाहेबांनी तिथल्या ओट्यावर बसून मोजे काढले. जोडेवाल्यांनी ते कोटाच्या खिशात कोंबले. खिसा टम्म फुगला. लाँड्रीवाल्या बाईंनी फुगलेल्या खिशाकडे पाहिलं, राणीसाहेबांच्या तोंडाकडे पाहिलं आणि पायऱ्या चढू लागल्या.

पायऱ्यांपुरती मात्र देवाने दया केली. पायऱ्या चढताना माणूस लंगडतोय की दमलाय, हे कुणाला कळत नाही. पाचही जण कठड्याला धरून, गुडघ्यावर हात टेकत, धापा टाकत वर गेले. माथ्यावर पोचताच राणीसाहेबांनी लेकीचा दंड असा गच्च पकडला की ती कळवळली. आता पुढे सपाट वाट असणार होती, आणि लाँड्रीवाल्या बाई बरोबर मागे.

पण वाट सपाट नव्हती. जुन्या लोकांनी ती उघड्या कातळात कोरली होती, आणि पावसाचं पाणी तुंबू नये म्हणून तिला बाहेरच्या बाजूला उतार दिला होता. आतली, डोंगराकडची बाजू उंच. बाहेरची, दरीकडची बाजू खोल. राणीसाहेबांनी पहिलं पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि थबकल्या. काहीतरी चुकत होतं. काय चुकतंय ते कळायला दहा पावलं लागली. त्यांचं काहीच चुकत नव्हतं. आखूड उजवा पाय उंच कातळावर पडत होता, लांब डावा पाय खालच्या कातळावर, आणि कंबर पाण्याच्या भरल्या घागरीसारखी स्थिर होती.

शेजारून चालणारे जोडेवाले वाटेकडे बघत होते, जसे ते आयुष्यभर लोकांच्या तळव्यांकडे बघत आले होते. ते बायकोच्या कानाशी वाकले.

"अगं, ही वाट तुझ्या मापाची आहे."

राणीसाहेबांनी लेकीचा दंड सोडला.

पाचव्या वर्षानंतर प्रथमच त्या अनवाणी सरळ चालत होत्या. उन्हाने तापलेला गुळगुळीत कातळ तळव्यांना लागत होता, त्यातली बारीक वाळू लागत होती, एके ठिकाणी झिरपणारं गार पाणी लागलं. सव्वीस वर्षं पायांना फक्त बूच आणि कातडं माहीत होतं. त्या इतक्या हरखल्या की चालण्याचा वेग वाढला. सुटणाऱ्या बसमागे न धावणाऱ्या राणीसाहेब देवाभोवती जवळजवळ पळतच होत्या.

बाकीच्यांची मात्र दैना झाली. धडधाकट पायांच्या माणसांना ती वाट नव्हतीच. प्रत्येक पावलाला उजवा गुडघा पोटाशी येत होता आणि शरीर दरीकडे कलत होतं. नकाशेवाला दोनदा घसरला. त्याच्या नकाशात उंचीच्या सगळ्या रेघा होत्या, एवढा उतार तेवढा नव्हता. लेकीने त्याचा हात धरला, आणि मग वाट जिथं जरा बरी होती तिथंही सोडला नाही. जोडेवाले कमरेवर हात ठेवून विव्हळत होते. सगळ्यांत हाल लाँड्रीवाल्या बाईंचे. जन्मभर इस्त्रीच्या टेबलाशी सपाट जमिनीवर उभ्या राहिलेल्या त्या बाई खुरडत, हेलकावत, भिंतीला धरत येत होत्या, आणि त्यांच्या पुढे पन्नास पावलांवर राणीसाहेबांची ती ताठ मान.

अर्ध्या वाटेवर दगडी बाक होता. तिथं थांबलेल्या राणीसाहेबांना लाँड्रीवाल्या बाईंनी गाठलं. खाली टेकल्या, श्वास घेतला, आणि इतके दिवस इस्त्री करून ठेवलेलं सगळं एका दमात बाहेर काढलं. देवाच्या वाटेवरसुद्धा यांची मान खाली जात नाही. जोडे काढायचे तर मोजे, मोजे काढायचे तर तोंड वाकडं. आपण मुद्दामच इथं बोलावलं होतं. आमच्या दारात नाही, निदान देवाच्या दारात तरी जोडे काढतात का ते बघायला.

"चार वेळा आलात," त्या म्हणाल्या. "चारही वेळा उंबऱ्याबाहेर. दुसऱ्यांचे कपडे धुणाऱ्या बाईचं घर तुम्हाला कमी वाटतं, तर तसं सांगायचं होतंत. माझी सून मला जिन्यात चहा देणारी नकोय. पुढे देवासमोर नाही म्हणून टाकू, म्हणजे मुलांनाही कळेल की थोरांनी खोटं केलं नाही."

आणि त्या उठून खुरडत पुढे निघाल्या.

राणीसाहेब बाकाशी उभ्याच राहिल्या. एवढे दिवस त्यांना वाटत होतं, पाय दिसला तर लग्न मोडेल. लग्न मोडत होतं ते पाय लपवल्यामुळे. करायला गेले काय आणि वरती झाले पाय. उरलेली अर्धी वाट त्या तितक्याच सरळ चालल्या, कारण ती वाट वाकडं चालू देत नव्हती. पण आता प्रत्येक सरळ पाऊल त्यांना काट्यासारखं बोचत होतं. चाल ताठ दिसू नये म्हणून त्यांनी मान खाली घातली, तर नवऱ्याने विचारलं, काही सांडलं का.

वाट संपली आणि पटांगण आलं. फरसबंद, अफाट, आणि तव्यासारखं सपाट. पलीकडच्या टोकाला खांबाला टेकून लाँड्रीवाल्या बाई बसल्या होत्या. मध्ये शंभर पावलं.

राणीसाहेबांनी नवऱ्याचा पुढे आलेला हात बाजूला केला आणि एकट्या निघाल्या. ताठ राहायचा प्रयत्न त्यांनी केला नाही. उजवीकडे कलत, सावरत, पुन्हा कलत, शाळेत चालायच्या तशा त्या चालल्या. मागून कुणी टाळ्यांचा ताल धरला नाही. देवळाची दोन-चार कबुतरं तेवढी बाजूला झाली.

लाँड्रीवाल्या बाई बघत होत्या. दीड तास तलवारीसारखी सरळ चालणारी बाई आता, सपाट जमिनीवर, आपल्यासमोर लंगडत येत होती. आणि त्या स्वतः नुकत्याच याच पटांगणातून तशाच लंगडत आल्या होत्या. त्यांचा चेहरा लाल झाला.

"नक्कल करताय माझी?" त्यांनी विचारलं.

सव्वीस वर्षांनी एकदा खरं चालावं तर कुणी विश्वास ठेवीना. राणीसाहेबांना हसावं की रडावं कळेना. त्या तशाच विहीणबाईंच्या समोर फरशीवर बसल्या आणि दोन्ही पाय सरळ पुढे पसरले.

"बघा," त्या म्हणाल्या. "तुमच्या घरात जोडे काढले असते तर हे दिसलं असतं."

लाँड्रीवाल्या बाईंनी पाहिलं. मग जे त्यांच्या हाताला ठाऊक होतं ते त्यांनी केलं. दोन्ही टाचा दोन मुठींत धरल्या, चादरीची टोकं धरतात तशा, हलकेच ताणल्या आणि एकमेकींशी जुळवून पाहिल्या. टोकं जुळली नाहीत. पुन्हा ताणून पाहिलं. हजारो चादरींच्या घड्या घातलेल्या त्या हातांना समजावून सांगावं लागलं नाही. टाचा त्यांनी सोडल्या नाहीत, तशाच धरून बसल्या.

राणीसाहेबांनी सांगून टाकलं: ताप, बूच, मोजे, जाऊबाईंचं पत्र, डाग, ती तिरळी मुलगी.

"कुठली तिरळी मुलगी?" लाँड्रीवाल्या बाई म्हणाल्या. "माझ्या मुलाला याआधी मुलगीच सांगून आली नाही. तो समोरच्या माणसाच्या घरी जायचा नकाशा काढून देतो, त्याला कोण मुलगी देणार?"

मग त्यांच्या कडक इस्त्रीच्या कपड्यांतून कसलासा आवाज येऊ लागला. त्या हसत होत्या.

"डाग मी धुते, बाई. पाय मोजायला मी काय जोडेवाली आहे? आणि एवढ्यासाठी तुम्ही मला चार वेळा जिन्यात स्टुलावर बसवलंत. माझी कंबर तेव्हापासून धरलीय."

"मग आता देवासमोर काय सांगायचं?" राणीसाहेबांनी विचारलं.

"काय सांगायचं म्हणजे? आधी मला उठवा."

दोघी एकमेकींना धरून उठल्या आणि गाभाऱ्याकडे निघाल्या. एक उजवीकडे कलत होती, दुसरी डावीकडे. जोडेवाले, लेक आणि नकाशेवाला हे पटांगणाच्या कडेला जीव मुठीत धरून उभे होते. त्यांना ऐकू काहीच आलं नव्हतं. पाठमोऱ्या दोघी मध्येच एकमेकींवर आपटत, मध्येच दुरावत होत्या, त्यावरून भांडण चाललंय की दिलजमाई, याचा अंदाज येईना. गाभाऱ्याच्या दारातून लाँड्रीवाल्या बाईंनी वळून मुलाला हाक मारली आणि पुजाऱ्याला तारीख विचारून ये म्हणाल्या, तेव्हा कुठे नकाशेवाल्याने लेकीचा हात सोडला.

लग्न दोन महिन्यांनी झालं.

जोडेवाल्यांनी पुढे बारा वर्षं दुकान चालवलं. जाड तळव्यांची फॅशन गेली, मग रबरी तळव्यांचे तयार जोडे आले, तरी त्यांच्याकडे दुरून गिऱ्हाइकं येत राहिली. बहुतेकांचं काही ना काही कमी-जास्त असायचं, आणि ते कुणाला काही विचारायचे नाहीत. एका दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेले. हातात माप होतं.

नकाशेवाला मोठ्या हुद्द्यावर जाऊन निवृत्त झाला. बायकोला तो अजूनही बाजारात जाताना रस्ता काढून देतो. लेकीने टायपिंग सोडलं नाही. दोन मुलं झाली, एकाने आईच्या आईची उंची घेतली, दुसऱ्याने लाँड्रीवाल्या आजीचा बांधा. जाऊबाईंना पत्राबद्दल जाब विचारला, तेव्हा त्या म्हणाल्या की असं त्यांनी लिहिलंच नव्हतं. डब्यातलं पत्र दाखवलं, तर हे अक्षर माझं नाही म्हणाल्या.

लाँड्री विकली गेली, पण वरचं घर राहिलं. राणीसाहेब बाहेर सगळीकडे जोडे घालूनच फिरल्या, आणि गल्ली त्यांना शेवटपर्यंत राणीसाहेबच म्हणत राहिली. विहीणबाईंच्या घरी मात्र त्या जिन्यात जोडे काढायच्या आणि त्या आरशासारख्या फरशीवरून लंगडत थेट स्वयंपाकघरात जायच्या. तोपर्यंत विहीणबाईंचे गुडघे गेलेले. दुपारी दोघी स्वयंपाकघरात बसून, चहा ठेवायला कोण उठणार यावर वाद घालायच्या. मला त्रास जास्त, नाही मला जास्त. शेवटी सून उठायची.

राणीसाहेब आधी गेल्या, शहाऐंशीव्या वर्षी. लाँड्रीवाल्या बाई त्यांच्यानंतर पाच वर्षं होत्या. नातसुनांना त्या विहिणीबद्दल पुष्कळ चांगलं सांगायच्या, हातच्या चवीचं सांगायच्या, मनाचं सांगायच्या, सांगता सांगता डोळे पुसायच्या. पण डोंगराचा विषय निघाला की लगेच सावरून बसायच्या. ते पायाचं वगैरे सगळं खरं, म्हणायच्या, पण त्या दिवशी त्या वाटेवर बाई जरा जास्तच ताठ चालत होती.